दूरचित्रवाणीपुढील बैठक : आंतरराष्ट्रीय गीतस्पर्धेच्या सामुदायिक प्रेक्षणासंबंधी काही विचार

दूरचित्रवाणीवरून प्रक्षेपित होणारी एखादी आंतरराष्ट्रीय गीतस्पर्धा दहावीस मंडळींनी एकत्र बसून, एखादे सूत्र ठरवून, त्या सूत्राला अनुसरून वेष व खाद्यपदार्थ योजून आणि हाती गुणपत्रके घेऊन पाहावयाची, ही रीत युरोपात आता चांगलीच रुळली आहे. आपल्याकडे तिला सर्वमान्य नाव नाही. तरुण मंडळी ‘वॉच पार्टी’ म्हणतात. परंतु गाणे ऐकण्यासाठी जमलेल्या मंडळींना ‘बैठक’ हा जुना आणि नेमका शब्द मराठीत असताना तो टाकून देण्याचे कारण दिसत नाही. प्रस्तुत लेखात तो याच अर्थाने योजिला आहे.

अशी बैठक कशी भरवावी, हा प्रश्न वरवर पाहता घरगुती स्वरूपाचा वाटेल आणि विद्यापीठीय पत्रिकेत त्याला स्थान का द्यावे, अशी शंका वाचकांच्या मनात येईल. परंतु ज्या वस्तीत शेजारी शेजाऱ्याला गावावरून, भाषेवरून अथवा नात्यावरून ओळखत नाही, तेथे चार माणसे एका खोलीत कशासाठी बसतात आणि बसल्यावर परस्परांशी कसे वागतात, हा समाजशास्त्राचाच प्रश्न होय. पिंपरी-चिंचवडपासून भोसरी-मोशीवरून चाकणपर्यंत पसरलेला औद्योगिक पट्टा ही अशी वस्ती आहे. तेथे भरणाऱ्या बैठकीचे यश पडद्याच्या आकारावर किंवा पताकांवर अवलंबून नसून, ‘आपले कोण’ हे ठरविण्याच्या नियमावर अवलंबून राहील, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते उलगडून दाखविण्यासाठी प्रथम मूळ स्पर्धेकडे वळणे आवश्यक आहे.

युरोपातील नभोवाणी व दूरचित्रवाणी संस्थांचा संघ १९५० साली स्थापन झाला. अनेक देशांत एकाच वेळी प्रक्षेपण करता येते किंवा नाही, हे अजमावण्याची संधी या संघाला हवी होती. इटलीतील सानरेमो येथील गीतमहोत्सवाचा नमुना डोळ्यांपुढे होता. त्यातून २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे पहिली ‘युरोव्हिजन’ गीतस्पर्धा झाली. सात देशांनी प्रत्येकी दोन गीते सादर केली आणि यजमान स्वित्झर्लंडच्या लिस आसिया या गायिकेच्या गीताला पहिला क्रमांक मिळाला. परीक्षण गुप्त होते व गुणांचा तपशील कधीच प्रसिद्ध झाला नाही. त्या वर्षी परीक्षकांना स्वतःच्या देशाच्या गीतालाही गुण देण्याची मुभा होती. शिवाय लक्झेंबुर्गचे परीक्षक उपस्थित नसल्यामुळे त्यांच्या वतीने स्विस परीक्षकांनीच गुण दिले. निकालाविषयी कुजबूज झाली असल्यास नवल नाही.

दुसऱ्याच वर्षी, १९५७ साली फ्रँकफुर्ट येथे, नियम बदलला. प्रत्येक देशाचे परीक्षकमंडळ आपल्याच देशात बसून दूरध्वनीवरून गुण कळवू लागले, आणि स्वतःच्या देशाला गुण देण्यास बंदी झाली. ही बंदी आजतागायत टिकून आहे. त्याच वर्षी इटलीचे गीत पाच मिनिटांहून अधिक लांबले व त्यानंतर तीन मिनिटांची मर्यादा काटेकोरपणे पाळली जाऊ लागली, हे जाता जाता सांगावयास हवे. कारण न समजणाऱ्या भाषेतील गीत सामान्य श्रोता किती वेळ आनंदाने ऐकतो, याचे ते बरेच व्यावहारिक उत्तर आहे.

स्वतःच्या देशाला गुण न देण्याच्या नियमाचे महत्त्व नीट लक्षात घेतले पाहिजे. देशाभिमान तर या स्पर्धेचा प्राणच आहे; ध्वज, राष्ट्रीय वेष, आपल्या गायकाविषयीची काळजी यांवाचून ती रंगणार नाही. परंतु त्या अभिमानाला मताचा अधिकार नाही. अभिमान बाळगावा, मिरवावा, आणि गुण देण्याच्या क्षणी तो बाजूला ठेवून इतरांच्या गुणवत्तेचा विचार करावा, अशी ही दुहेरी रचना आहे. ती पूर्णपणे यशस्वी झाली असे मात्र म्हणता येणार नाही. ग्रीस आणि सायप्रस परस्परांना मुक्त हस्ताने गुण देतात, हे सर्वश्रुत आहे. इस्रायली समाजशास्त्रज्ञ गॅड याइर यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या स्पर्धेतील मतदानाच्या आधारे युरोपातील देशांचे गट उकलून दाखविले आहेत. ‘आपला’ वर्ज्य झाला की माणूस ‘आपल्या जवळचा’ शोधू लागतो. तरीही जवळचा शोधण्यासाठी त्याला इतरांकडे पाहावे लागते, हेही खरेच.

मराठी मुलुखात गायनातील स्पर्धा आणि श्रोत्यांचा पक्षाभिमान या दोन्ही गोष्टी जुन्या आहेत. कलगी-तुऱ्याच्या फडात शक्ती श्रेष्ठ की शिव श्रेष्ठ, या वादावर रात्र सरे. पण ऐकणारे बहुधा आधीच कोणत्या तरी बाजूचे असत. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या ‘संयुक्त मानापमान’च्या प्रयोगात बालगंधर्व भामिनीच्या आणि केशवराव भोसले धैर्यधराच्या भूमिकेत एकाच रंगमंचावर आले. त्या रात्री कोणी बाजी मारली, याची चर्चा पुढे कित्येक वर्षे नाट्यरसिकांत चालू राहिली. तेथे गुणपत्रक नव्हते, निकालही नव्हता. म्हणूनच चर्चा संपली नाही, असे वाटते.

दूरचित्रवाणीने यात दोन बदल केले. स्पर्धा घरात आली आणि निकाल श्रोत्यांच्या हाती आला. मुंबई दूरदर्शन केंद्र १९७२ साली सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी पुण्याला प्रक्षेपण मिळू लागले. त्या काळी चाळीतील एकाच घरी संच असे व सर्व बिऱ्हाडे तेथे जमत. अर्थात ते एकत्र पाहणे निवडीचे नव्हते, गरजेचे होते. संच घरोघर आल्यावर ती गरज सरली. आज जी बैठक भरते ती घरी संच असूनही भरते, हा मोठा फरक आहे. डॅनियल डायन आणि एलिहू कॅट्झ यांनी १९९२ सालच्या आपल्या ग्रंथात मोठ्या प्रक्षेपणांच्या प्रसंगी घराला सभागृहाचे, किंबहुना उत्सवस्थळाचे रूप कसे येते याचे विवेचन केले आहे. आपल्याकडे क्रिकेटच्या सामन्यांच्या वेळी याचा अनुभव येतोच. गाण्याच्या बाबतीत तो अलीकडचा आहे.

या पट्ट्यापुरते बोलावयाचे तर त्याचे ठळक उदाहरण २००८-०९ मधील ‘सा रे ग म प’च्या ‘लिटिल चॅम्प्स’ या मराठी पर्वाचे होय. अंतिम फेरीतील पाच बालगायक पाच ठिकाणचे होते : अलिबागची मुग्धा वैशंपायन, रत्नागिरी जिल्ह्यातील आरवलीचा प्रथमेश लघाटे, लातूरचा रोहित राऊत, पुण्याची आर्या आंबेकर आणि आळंदीची कार्तिकी गायकवाड. विजेती ठरली कार्तिकी. आळंदी ही भोसरी आणि चाकण यांच्यामधल्या अंगाला, औद्योगिक पट्ट्याच्या अगदी कडेला. कारखान्यांच्या सायरनवर जगणाऱ्या वस्तीच्या शेजारी कीर्तन-भजनाची केवढी समृद्ध परंपरा नांदत आहे, याची जाणीव त्या निमित्ताने पुष्कळांना झाली असावी. परंतु नीट पाहिले तर या स्पर्धेतील पाच नावांनी महाराष्ट्राचा नकाशाच मांडला होता, आणि प्रत्येक प्रेक्षकाला आपला जिल्हा निवडणे सोपे झाले होते. तेथे ‘आपल्या’ला मत न देण्याचा नियम नव्हता आणि कोणी तशी अपेक्षाही केली नव्हती.

असा नियम नसला म्हणजे काय होऊ शकते, हे २००७ सालच्या ‘इंडियन आयडॉल’ने अधिक तीव्रतेने दाखविले. कोलकाता पोलीस दलातील प्रशांत तमांग हा दार्जिलिंगचा आणि अमित पॉल हा शिलाँगचा, असे दोघे अखेरपर्यंत पोहोचले. दार्जिलिंगच्या डोंगराळ भागात वर्गणी काढून मोबाइलवरून मते पाठविली गेली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तेथे स्थापन झालेल्या नव्या राजकीय पक्षाच्या पार्श्वभूमीत अभ्यासक या समर्थनाचा उल्लेख करतात. उलट शिलाँगमध्ये आदिवासी आणि बिगर-आदिवासी यांच्यातील जुने अंतर काही काळ तरी कमी झाले, असे त्या वेळी नमूद झाले. एकाच स्पर्धेने एका ठिकाणी माणसे जवळ आणली व दुसऱ्या ठिकाणी सीमारेषा गडद केली. गाणे दोन्हीकडे निमित्तमात्र होते, असे म्हटल्यास फारसे वावगे होणार नाही.

आता या पट्ट्याचे स्वरूप पाहू. पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६०नंतर टेल्को, बजाज आदी कारखाने आले. १९८२ साली महानगरपालिका अस्तित्वात आली. आणि चालू शतकाच्या पहिल्या दशकाअखेर चाकणला मोटारनिर्मितीचे नवे केंद्र उभे राहिले. दर टप्प्याला नवी माणसे आली. मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथून आली, आणि उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, केरळ येथूनही आली. एका इमारतीत कायम कामगार, कंत्राटी कामगार, अभियंता आणि दुकानदार राहतात. जिन्यात भेटतात, पण एकत्र बसत नाहीत. गणेशोत्सवात वर्गणी सर्वांची असते. मांडवातील पुढच्या खुर्च्या मात्र सर्वांच्या नसतात. अशा इमारतीत हिंदी किंवा मराठी गीतस्पर्धेची बैठक भरविली, तर पहिल्या पाच मिनिटांतच कोणाचा गायक कोणत्या राज्याचा, हे ठरून जाईल आणि उरलेली रात्र त्या ठरलेल्या रेषेवर चालेल.

युरोव्हिजनसारख्या स्पर्धेचा लाभ येथेच आहे. तेथील भाषा कोणाचीच मातृभाषा नाही. १९९९पासून गायकांना भाषेचे स्वातंत्र्य असल्याने पुष्कळशी गीते इंग्रजीत असतात हे खरे. तथापि अल्बेनियन, युक्रेनियन किंवा पोर्तुगीज गीत सुरू झाले म्हणजे इंग्रजी शाळेत शिकलेला अभियंता आणि सातवीनंतर शाळा सोडलेला जुळारी यांची समज एकाच पातळीवर येते. किंबहुना भजनात ताल धरून बसलेला माणूस अशा वेळी अधिक नेमके बोलतो, असे आढळून येईल. शब्द कळत नसले की सूर, ठेका आणि गळा यांखेरीज बोलावयास काही उरत नाही.

परंतु भारत या स्पर्धेत भाग घेत नाही. मग ‘आपल्या देशाला गुण नाहीत’ या नियमाला आपल्या बैठकीत अर्थ काय राहिला? कोणाचाच देश तेथे नाही. म्हणून बंदीही नाही आणि अभिमानही नाही. अशी बैठक निरुत्साही होते. मंडळी अर्ध्या तासात मोबाइल काढून बसतात. यासाठीच बैठकीला सूत्र हवे. सूत्र म्हणजे सजावट नव्हे. प्रत्येकाला त्या रात्रीपुरता एक देश देणे, हे सूत्राचे खरे कार्य होय. त्या देशाच्या ध्वजातील एखादा रंग अंगावर असावा, त्या देशाची आठवण देणारा एखादा पदार्थ त्याने आणावा, त्याच्या गीतापूर्वी दोन वाक्यांत त्याने ओळख करून द्यावी, आणि गुण देताना मात्र त्याच देशाला शून्य द्यावे. आपलेपण प्रथम निर्माण करावयाचे आणि नंतर त्याला आवर घालावयाचा, हे दोन्ही केल्यावाचून १९५७च्या नियमाचा गुण आपल्या बैठकीत उतरणार नाही. आपल्या देशाला गुण देता येत नाहीत म्हटल्यावर इतरांनी ते द्यावेत म्हणून त्याची बाजू मांडावी लागते. मग शेजारी शेजाऱ्याशी गाण्याविषयी बोलतो.

देश कसे वाटावेत, याविषयी एक मोह टाळला पाहिजे. या पट्ट्याचा युरोपशी संबंध जुना आहे. चिंचवडचा बेअरिंगचा कारखाना आणि दापोडीचे दोन-तीन कारखाने मूळ स्वीडिश कंपन्यांचे. चाकणला जर्मन मोटारी बनतात. बेअरिंग बनविणाऱ्या त्या कंपनीचे मूळ गाव गोथेनबर्ग, आणि तेथे १९८५ साली हीच स्पर्धा भरली होती. स्वीडनने ही स्पर्धा १९७४पासून २०२३पर्यंत सात वेळा जिंकली. जर्मनीला १९८२ व २०१० अशी दोनदाच ती जिंकता आली. तेव्हा ज्याने त्याने आपल्या कारखान्याचा देश घ्यावा, ही कल्पना सहज सुचते आणि आकर्षकही वाटते. प्रस्तुत लेखकाला ती पसंत नाही. तसे केल्यास परदेशी कंपनीतील कायम कामगाराला देश मिळेल आणि भोसरीच्या लहान वर्कशॉपात सुटे भाग घासणाऱ्याला मिळणार नाही. दिवसाची उतरंड रात्री पुन्हा उभी राहील. त्यापेक्षा भिशीप्रमाणे चिठ्ठ्या टाकाव्यात. चिठ्ठीने आलेला देश कोणाच्याही पगारपत्रकावर अवलंबून नसतो, आणि माल्टा किंवा सान मारिनो वाट्याला आला म्हणजे नकाशा उघडावा लागतो, ही वेगळीच गंमत.

गुणपत्रकाची पद्धत १९७५पासून प्रचलित असलेली घ्यावी. प्रत्येकाने आपल्या आवडीच्या दहा गीतांना अनुक्रमे १२, १०, ८ आणि मग ७ पासून १ पर्यंत गुण द्यावयाचे. पहिल्या दोन पायऱ्यांमध्ये दोन-दोन गुणांचे अंतर असल्यामुळे ‘बरे वाटले’ आणि ‘फार आवडले’ यांतील भेद उमटतो. दहापैकी गुण देण्याच्या शाळकरी पद्धतीत सर्वच गीते सहा ते आठच्या दरम्यान अडकतात. एक सावधगिरी मात्र हवी. क्रमाने पुढे होणाऱ्या सादरीकरणांत शेवटी येणाऱ्यांना अधिक गुण मिळण्याचा कल असतो, असे वांडी ब्रुइन दे ब्रुइन यांनी २००५ साली याच स्पर्धेच्या आणि फिगर स्केटिंगच्या गुणांवरून दाखविले आहे. पंचवीस-सव्वीस गीतांच्या रात्रीत पहिली चार कोणाच्या स्मरणात राहणार? म्हणून प्रत्येक गीतानंतर लगेच एकदोन शब्दांची टीप करावी व अखेरचे गुण सर्व गीतांची उजळणी दाखविली जाते तेव्हाच भरावेत. टीप शब्दांत असावी, आकड्यांत नको; एकदा लिहिलेला आकडा खोडावयास माणूस नाखूष असतो.

आता सर्वांत अवघड प्रश्न, वेळेचा. अंतिम फेरी मे महिन्यातील शनिवारी मध्य युरोपच्या उन्हाळी वेळेनुसार रात्री नऊला सुरू होते. आपली वेळ तिच्या साडेतीन तास पुढे. म्हणजे येथे रविवार उजाडून अर्धा तास झालेला असतो. निकाल लागेपर्यंत पहाटेचे सव्वाचार वाजतात. आळंदी-देहूच्या परिसरात एकादशीचा जागर ज्यांना परिचित आहे, त्यांना जागरणाचे भय वाटू नये. परंतु जागरणानंतर झोपण्याची सोय हवी, आणि येथे औद्योगिक पट्ट्याचे पंचांग आडवे येते. विजेचा भार आठवड्यात विभागला जावा म्हणून येथील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील मंडळींना आणि कार्यालयीन नोकरांना रविवार मोकळा. पहिल्या पाळीच्या कामगाराला मात्र त्याच रविवारी पहाटे कंपनीची बस गाठावयाची. म्हणजे बैठक शनिवारी रात्री ठेवली की कोण येणार आणि कोण येणार नाही, हे आमंत्रणाआधीच ठरून जाते. दुसऱ्या पाळीचा माणूस रात्री अकराच्या सुमारास सुटून येऊ शकेल, तो सुदैवी. पहिल्या पाळीचा आणि रात्रपाळीचा, दोघेही बाहेर राहतात.

यावर दोन मार्ग संभवतात. त्याच आठवड्यातील दुसरी उपांत्य फेरी गुरुवारी रात्री, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी रात्री साडेबाराला सुरू होते. सुट्टीचा दिवस विश्रांतीत गेलेला असतो, शिवाय ती अंतिम फेरीपेक्षा बरीच लवकर आटोपते. परंतु शुक्रवारी पहिल्या पाळीला जावयाचे, ही अडचण उरतेच. दुसरा मार्ग अधिक चांगला वाटतो. अंतिम फेरीचे ध्वनिचित्रमुद्रण पुढच्या गुरुवारी सायंकाळी सर्वांनी मिळून पाहावे, आणि तोवर निकाल कोणी पाहू नये व पाहिलाच तर बोलू नये, असा करार करावा. क्रिकेटच्या बाबतीत असा करार पाच मिनिटेही टिकणार नाही. येथे तो टिकेल. कारण मराठी वृत्तपत्रे या स्पर्धेची फारशी दखल घेत नाहीत. उपेक्षेचाही कधी कधी उपयोग होतो! थेट प्रक्षेपणाचा थरार यात कमी होतो, हा आक्षेप योग्य आहे. २०२३पासून स्पर्धेबाहेरील देशांच्या प्रेक्षकांनाही आंतरजालावरून मत देता येते व त्या सर्वांचे मिळून एका देशाइतके गुण धरले जातात. गुरुवारच्या बैठकीला त्या मतावर पाणी सोडावे लागेल. तथापि सर्व जगाच्या त्या एकत्रित मतात एका इमारतीचा वाटा तो किती? बैठकीचे स्वतःचे मत तिच्या फळ्यावर लिहिले जाते, आणि तेथे प्रत्येक पाळीचा माणूस हजर असणे अधिक मोलाचे आहे.

ज्यांना रात्रीच बसावयाचे असेल त्यांनी जागेचा विचार आधी करावा. गच्ची मोहक असते. परंतु २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. बंद दालनात, आवाज बाहेर जाणार नाही अशा बेताने बसावे. मे महिन्यात वळिवाच्या पावसाने वीज जाणे नित्याचे, तेव्हा इन्व्हर्टरची सोय पाहावी. शिवाय एकच पडदा असावा. आंतरजालावरील प्रक्षेपण दोन यंत्रांवर काही सेकंदांच्या अंतराने पोहोचते आणि कोणाच्या तरी मोबाइलवर निकाल आधी उमटून सर्वांचा विरस होतो.

खाद्यपदार्थांच्या बाबतीत अट्टहास करू नये. स्पेनचे बटाट्याचे आम्लेट कोणालाही जमण्यासारखे आहे. ग्रीसच्या वाट्याला आलेल्याने काकडी, दही व लसूण एकत्र केले की पुरे. आपल्या काकडीच्या कोशिंबिरीहून ते फार दूर नाही. चाकणच्या बाजाराचा कांदा घरात असताना कोणाला भजी तळण्याचा मोह झालाच, तर ती कोणत्याही देशाच्या नावावर खपवावीत. मात्र माळकरी आणि शाकाहारी मंडळींचा विचार करून सामिष पदार्थ वेगळ्या टेबलावर ठेवावेत, आणि खर्चाची वर्गणी काढू नये. प्रत्येकाने एक डबा आणावा. वर्गणीचा आकडा ठरविणारा आणि तो ऐकून न येणारा, हे दोघेही आपल्या इमारतीतच राहतात.

गुणांची बेरीज दोघांनी स्वतंत्रपणे करावी. एका पत्रकावरील सर्व गुणांची बेरीज नेहमी ५८ येते. तेव्हा बारा जणांच्या बैठकीत फळ्यावरील एकूण बेरीज ६९६ यावयास हवी. ती तशी न आल्यास कोणी तरी एकच गुण दोन देशांना दिला आहे अथवा एखादी जागा रिकामी सोडली आहे असे समजावे. कोणी आपल्याच देशापुढे १२ लिहिले असतील, तर मात्र बेरजेवरून ते कळत नाही. पत्रके वाचूनच पाहावी लागतात. मोठ्याने वाचावीत. प्रत्येकाने शेजाऱ्याचे पत्रक वाचावे, स्वतःचे नव्हे. ज्या बिहारी कामगाराचे नाव दोन वर्षांत कोणी विचारले नव्हते, ते त्या वेळी फळ्यावर लिहावे लागते.

बरोबरीचा नियम आरंभीच जाहीर करावा. १९६९ साली माद्रिद येथे स्पेन, ब्रिटन, नेदरलँड्स आणि फ्रान्स या चौघांचे गुण सारखे झाले. निर्णायक नियमच केलेला नव्हता, तेव्हा चौघांनाही विजयी घोषित करावे लागले व त्यावरून पुष्कळ नाराजी झाली. १९९१ साली रोम येथे स्वीडन आणि फ्रान्स यांना प्रत्येकी १४६ गुण मिळाले. त्या वेळी नियम होता. प्रथम बाराच्या गुणांची संख्या मोजली, ती सारखी निघाली; मग दहाच्या गुणांची मोजली व स्वीडन विजयी ठरले. आपल्या बैठकीसाठी हाच क्रम पुरेसा आहे. तो पहिले गीत सुरू होण्यापूर्वी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा, म्हणजे पहाटे चारला त्यावरून वाद होणार नाही.